जेऊरहून देवमाशाकडे

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला समुद्र पाहायचा तर सह्याद्री ओलांडावा लागतो. करमाळा तालुक्यातल्या जेऊरहून निघालं की कोकणचा कुठलाही किनारा गाठायला जवळजवळ अख्खा दिवस जातो. त्यामुळे आपल्याकडची कोकण सहल नेहमी घाईची होते. दोन मुक्काम, एक किल्ला, एक देऊळ, मासळीचं जेवण आणि परतीच्या सकाळी कोणीतरी सुचवलेली ‘डॉल्फिन सफारी’. होडी जाऊन येते, लांबवर एखादी पाठ वर येऊन बुडते, मोबाइलमध्ये नुसतं पाणी उमटतं आणि इतक्या लांब येऊन काहीच नीट दिसलं नाही अशी चुटपुट घेऊन मंडळी घाट चढतात.

ही चुटपुट टाळता येते. समुद्रातले प्राणी पाहायला कुठे जावं, कोणत्या महिन्यात जावं, काय दिसेल आणि कशाची आशा धरू नये, हे या लेखात सांगितलं आहे. पण सगळ्यात आधी एक आग्रह: कोकणात जाण्यापूर्वी हिवाळ्यातली एक सकाळ उजनीच्या पाण्यावर घालवा. पाण्यातला जीव नजरेनं कसा हुडकायचा, किती अंतरावर थांबायचं आणि होडीवाल्याशी आधी काय बोलून घ्यायचं, हे सगळं घराजवळ शिकता येतं. ते शिकून गेलेला माणूस समुद्रावरून रिकाम्या हातानं परतत नाही.

आधी उजनी

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. सुमारे ११७ टीएमसी पाणी पोटात घेणारा यशवंतसागर जलाशय करमाळा आणि इंदापूर तालुक्यांच्या मधोमध पसरला, गावं आणि जुना रेल्वेमार्ग पाण्याखाली गेला. आपल्या बाजूला कुगाव, चिखलठाण, वांगी, केत्तूर, कात्रज ही काठावरची गावं. पलीकडे भिगवणजवळचं कुंभारगाव आणि डिकसळ. पक्षी पाहायला बाहेरगावचे लोक बहुतेक पलीकडे जातात, पण पाणी एकच आहे आणि पक्ष्यांना तालुक्याची हद्द नाही.

दिवाळीनंतर पाणी हळूहळू उतरायला लागतं. काठाचा गाळ उघडा पडतो, त्यावर शेतकऱ्यांची गाळपेर होते आणि पुढच्या उथळ पाण्यात पाहुणे उतरतात. चित्रबलाक, चमचे, चक्रवाक, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंस आणि सगळ्यांची नजर ज्यांच्यावर असते ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. डिसेंबर ते एप्रिल हा त्यांचा काळ. यातले काही जण खरे समुद्राकाठचे रहिवासी. मोठा रोहित कच्छच्या रणात, खाऱ्या चिखलात घरटी करतो. उजनीवर घिरट्या घालणारे तपकिरी डोक्याचे कुरव त्याच हिवाळ्यात हर्णे-मालवणच्या बंदरांतही दिसतात. म्हणजे समुद्राची माणसं, म्हणा ना, आपल्याकडे येऊन राहिलेलीच असतात.

रोहित चरताना दुर्बिणीतून नीट पाहा. मान खाली घालून तो चोच उलटी करतो, वरची बाजू खाली. जीभ दट्ट्यासारखी मागे-पुढे करत पाणी आत ओढतो आणि बाहेर ढकलतो. चोचीच्या कडेला बारीक दातेरी पट्ट्या असतात, त्यात शेवाळ, किडे, बारीक जीव अडकतात आणि पाणी निघून जातं. हे सेकंदाला कितीतरी वेळा चालू असतं, पाण्यावर नुसती थरथर दिसते. आता लक्षात घ्या, अरबी समुद्रातला ब्रायडीचा देवमासा हेच करतो. त्याच्या तोंडात दात नसतात, वरच्या जबड्याला झालरीसारख्या पट्ट्या लटकलेल्या असतात. तारल्यांच्या थव्यावर तो तोंड वासून झेपावतो, घशाची कातडी फुगते, मग जिभेनं पाणी झालरीतून बाहेर दाबतो आणि मासे आत राहतात. एक पक्षी, एक सस्तन प्राणी; एकाचं वजन तीन-चार किलो, दुसऱ्याचं कित्येक टन. दोघांचं पोट पाणी गाळण्यावर चालतं. देवमासा खाताना दिसणं फार थोड्यांच्या नशिबी असतं. रोहित मात्र जेऊरपासून तासाभराच्या आत दिसतो. तो मन लावून पाहिलेल्या माणसाला पुढे समुद्रात काय चाललं आहे, हे अर्ध्या खुणेवर कळतं.

दुसरा धडा अंतराचा. होडी जवळ जायला लागली की रोहितांच्या थव्यात आधी माना वर होतात. चरणं थांबतं. मग सगळे एकाच दिशेला चालू लागतात. त्यानंतरही होडी पुढे गेली तर उडतात. माना वर झाल्या की होडी थांबवायची, हा नियम. दुर्दैवानं गुलाबी पंखांचा उडता फोटो हवा म्हणून पर्यटक होडीवाल्याला पुढे दामटायला लावतात. एका सकाळी दहा होड्यांनी असं केलं तर त्या पक्ष्यांनी खायचं कधी? होडीवाला गिऱ्हाइकाचं ऐकतो, कारण त्याचं पोट त्यावर आहे. म्हणून बसण्याआधीच सांगा: थवा उडवायचा नाही, आम्ही लांबूनच पाहू, वेळ जास्त द्या. पैसे ठरवतानाच हे ठरलं की तोही निवांत होतो.

आणि लाइफ जॅकेट. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. आपल्या शेजारच्या पाण्यातली ही घटना आहे, तिचा विसर पडू देऊ नका. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पाण्यावर जाऊ नये. आकाश भरून आलं असेल तर सकाळीसुद्धा नाही. जॅकेट अंगावर, पट्टे आवळून. मांडीवर किंवा बाकाखाली ठेवलेलं जॅकेट कामाचं नाही. लहान मुलांच्या मापाचं जॅकेट नसेल तर मुलांना घेऊन होडीत बसू नका. हेच सगळं तारकर्लीला आणि दापोलीलाही लागू आहे.

कधी निघावं

कोकणातला समुद्र पाहण्याजोगा असतो तो ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत पर्यटकांच्या होड्या बंद असतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीलाही बंदी असते. डॉल्फिनसाठी नोव्हेंबर ते मार्च उत्तम, कासवांच्या पिल्लांसाठी फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिल. एकाच फेरीत दोन्ही साधायचं असेल तर मार्चचा पहिला पंधरवडा धरा. परीक्षांमुळे तो सोयीचा नसतो, हे कळतं. मग निदान शिमग्याच्या सुट्टीला जोडून बघा.

वेळ पहाटेची. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पाणी चापून बसलेलं असतं आणि डॉल्फिनच्या पाठीवरचा एवढासा पर लांबून उठून दिसतो. दहा-अकरानंतर खारा वारा सुटतो, लाटांना पांढरे तुरे येतात आणि मग प्रत्येक लाट डॉल्फिन वाटायला लागते. ‘दुपारी जेवून जाऊ’ म्हणणाऱ्यांनी उगाच पैसे घालवू नयेत.

भरती-ओहोटीचा हिशेब आपल्या घरातल्या पंचांगावरून करता येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. शुक्ल असो वा कृष्ण, पक्ष कोणताही चालतो, आणि भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. पाऊण तासाचा फरक पडू शकतो, तेवढं धरून चाला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार कमी. खडकांतले जीव पाहायचे असतील तर उधाणाची ओहोटी हवी, कारण तेव्हाच सगळ्यात खालचे खडक उघडे पडतात.

जायचं कसं? मालवणकडे जाणाऱ्यांना कुर्डुवाडीहून पंढरपूर-मिरज मार्गे कोल्हापूर आणि पुढे फोंडा घाट उतरून कणकवली, असा रस्ता. दापोली-मंडणगडकडे जायचं तर पुणे, ताम्हिणी, माणगाव. मुंबईला कामानं जाणारे जेऊरकर पुष्कळ आहेत. त्यांनी ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र पाहावं. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि या केंद्रातून हंगामात भरतीच्या वेळा पाहून होड्या सोडतात. उजनीवर बहुतांश मोठा रोहित दिसतो, ठाणे खाडीत लहान रोहितांची गर्दी असते. दोन्ही पाहिलेल्याला फरक लगेच जाणवेल: लहान रोहिताची चोच गडद, मोठ्याची फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं.

डॉल्फिन

आपल्या किनाऱ्याजवळ हमखास दिसणारा डॉल्फिन म्हणजे हिंदी महासागरी कुबड्या डॉल्फिन. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पर, त्यामुळे ओळख सोपी. लांबी अडीच मीटरच्या वर जाते. तो खोल समुद्रात फारसा जात नाही. खाडीची मुखं, खडकांच्या आसपासचं उथळ पाणी हे त्याचं घर. मासेमारीची जाळी, बंदरं, सांडपाणी आणि बोटींची वर्दळ हे सगळं नेमकं याच पट्ट्यात आहे. जगभरच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत तो ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदला आहे. दापोली तालुक्यात मुरूड, कर्दे, हर्णे, पुढे गुहागर, सिंधुदुर्गात तारकर्ली-देवबागची कर्ली नदीच्या मुखाची बाजू, निवती आणि वेंगुर्ला, ही त्याला पाहण्याची ठिकाणं. गोव्यातही दिसतात, पण तिथे हंगामात एका कळपामागे इतक्या होड्या लागतात की ते पाहणं सुखाचं नसतं. मी वाचकांना निवतीकडे जायला सांगेन.

पाहायचं कसं? नजर एका ठिकाणी रोखून धरू नका, पाण्याच्या पृष्ठभागावरून सावकाश फिरवा. सुरय आणि कुरव एका जागी घिरट्या घालून सूर मारत असतील तर तिथे माशांचा थवा आहे, आणि थवा असेल तिथे डॉल्फिन असण्याची शक्यता दांडगी. कुबड्या डॉल्फिन उड्या क्वचित मारतो. आधी लांब चोच पाण्याबाहेर येते, मग कुबड, मग पाठ वळते आणि कधी कधी शेपटीचा पंखा दिसतो. वारा पडलेला असेल आणि इंजिन बंद असेल तर त्याचा श्वास ऐकू येतो, फस्स असा, आणि बारीक तुषार उडतात. एकदा बुडाला की तो मिनिट-दोन मिनिटांनी वर येतो. तेवढा वेळ गप्प बसून राहा. याच पाण्यात पाठीवर पर नसलेला, राखाडी, लाजरा पॉरपॉइजही राहतो. त्याची नुसती गुळगुळीत पाठ क्षणभर दिसते. दिसला तर भाग्यवान समजा स्वतःला.

होडीवर बसण्याआधी चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्या. डॉल्फिन दिसले की पन्नास मीटरच्या आत जायचं नाही आणि वेग कमी करायचा. त्यांच्या वाटेत आडवं जायचं नाही, कळपाच्या मधून होडी घालायची नाही, समांतर चालायचं. आधीच दोन होड्या असतील तर लांब थांबून आपली पाळी येऊ द्यायची. वीस मिनिटं झाली की निघायचं. शिट्ट्या, आरोळ्या, होडीच्या फळीवर थापा, पाण्यात बिस्किटं टाकणं, यातलं काही नको. डॉल्फिन आवाजाच्या आधारानं जगतो: वाट शोधतो ती आवाजानं, मासे पकडतो ते आवाजानं, पिल्लाला हाक मारतो तीही आवाजानंच. पाच इंजिनं चारी बाजूंनी घरघरायला लागली की आई आणि पिल्लू यांची ताटातूट होऊ शकते. एका वेतात एकच पिल्लू होतं आणि ते पुढे बराच काळ आईबरोबर असतं, हे लक्षात ठेवलं की अंतर राखणं जड जात नाही.

होडीवाल्याला दोष देणं सोपं आहे. पण ‘अजून जवळ घ्या’ ही मागणी आपली असते. जो नाखवा इंजिन बंद करून थांबतो, पक्ष्यांची आणि वाऱ्याची माहिती सांगतो, त्याला ठरलेल्यापेक्षा थोडे जास्त पैसे द्या, त्याचं नाव पुढच्या मंडळींना सांगा. गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागत नाही.

आणि देवमासा?

कोकणात हमखास देवमासा दाखवणारी सफर नाही. कोणी तशी जाहिरात करत असेल तर विश्वास ठेवू नका. पण देवमासे आपल्या समुद्रात आहेत, हे खरं आहे आणि त्याचा पुरावा आहे. सिंधुदुर्गात कोकण सिटेशियन रिसर्च टीम या अभ्यासगटानं काही वर्षं होडीतून आणि मच्छीमारांच्या मदतीनं नोंदी घेतल्या. २०१५ साली त्यांना देवगडजवळच्या कुणकेश्वरसमोरच्या समुद्रात ब्रायडीचे देवमासे दिसले आणि निळा देवमासाही दिसला. पृथ्वीवरचा आजवरचा सगळ्यात मोठा प्राणी, आपल्या कुणकेश्वराच्या देवळासमोर. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जिवंत निळ्या देवमाशाची नोंद नव्हती.

अरबी समुद्राचे स्वतःचे कुबड्या देवमासेही आहेत. जगातले बाकीचे कुबड्या देवमासे थंड समुद्र आणि उबदार समुद्र यांच्यात दरवर्षी ये-जा करतात. अरबी समुद्रातले इथेच राहतात, इथेच वितात. ओमानच्या बाजूला त्यांची संख्या शंभराच्या आत असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०१७ च्या अखेरीस ओमानमध्ये उपग्रह खूण लावलेली ‘लुबान’ नावाची मादी अरबी समुद्र आडवा कापून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि गोव्यासमोरूनही गेली. १९६६ साली सोव्हिएत जहाजांनी याच समुद्रात बेकायदा शिकार करून २४२ कुबड्या देवमासे मारले होते. इतकी थोडी संख्या का उरली, याचं मोठं कारण त्या एका मोसमात आहे. संथ वाढणाऱ्या प्राण्याची अशी हानी साठ वर्षांतही भरून येत नाही.

तेव्हा देवमासा दिसलाच तर काय करायचं, ते आधी ठरवून ठेवा. लांबवर फवारा उभा राहतो. निळ्या देवमाशाचा फवारा तर दोन-तीन मजली घराएवढा उंच जातो. होडी थांबवा, शंभर मीटरच्या आत जाऊ नका, वेळ आणि जागा लिहून ठेवा, शक्य तर पाठीच्या पराचा आणि डोक्याचा फोटो घ्या. ब्रायडीच्या डोक्यावर लांबीनं तीन कणे असतात, त्यावरून तो ओळखतात. फोटो वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे पाठवला तर अभ्यासाला उपयोगी पडतो.

देवमासा पाहण्याची तळमळ अगदीच असेल आणि खर्च झेपत असेल तर श्रीलंकेत मिरिसा इथे नोव्हेंबर ते एप्रिल जाता येतं. तिथे खोल समुद्र किनाऱ्याच्या अगदी जवळ येतो, म्हणून निळे देवमासे दिसतात. तिथेही पाठलाग न करणारी होडी निवडा. खर्च झेपत नसेल तर रत्नागिरीला झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राच्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा उभा आहे. त्याच्या बरगड्यांखाली लहान मुलांना उभं करा, आकार समजायला दुसरं काही सांगावं लागत नाही.

वेळासची कासवं

समुद्रातला कुठला प्राणी नेमका, जवळून आणि त्याला त्रास न होता पाहता येईल, असं कोणी विचारलं तर उत्तर वेळास. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटजवळचं हे छोटं गाव. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. तोवर अंडी माणसं आणि कुत्री-कोल्हे नेत असत. मग गावकरीच राखणदार झाले, कासव महोत्सव सुरू झाला आणि घराघरांत पाहुण्यांची सोय झाली. आता आंजर्ले आणि कोकणातल्या इतर किनाऱ्यांवरही हे काम चालतं.

मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. राखणदार ती अंडी कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. केंद्रात घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते. सकाळी आणि संध्याकाळी ती उचलून बघतात. खाली पिल्लं असतील तर त्यांना पाण्यापासून थोडं अलीकडे वाळूवर सोडतात. तळहातावर मावणारी, काळपट राखाडी, अंगाला वाळू चिकटलेली. दोन पावलं टाकून थांबतात, डोकं वर करतात, पुन्हा चालतात. पहिली लाट बहुतेकांना उलटं पाडून मागे आणते, दुसरी घेऊन जाते. मोठी होईपर्यंत हजारात एखादं टिकतं. त्यांना उचलून थेट पाण्यात का सोडत नाहीत, असं मुलं विचारतात. वाळूवरचं ते चालणं त्यांच्यासाठी गरजेचं मानतात, म्हणून.

इथे दोरी ओलांडायची नाही, फ्लॅश मारायचा नाही, पिल्लाला हात लावायचा नाही, रात्री किनाऱ्यावर विजेऱ्या घेऊन फिरायचं नाही. पिल्लं उजळ क्षितिजाकडे जातात, त्यामुळे चुकीचा दिवा त्यांना चुकीच्या दिशेला नेतो. निघण्याआधी गावात फोन करून घरटी उमलण्याची वेळ आहे का, हे विचारा, आणि दोन मुक्काम ठेवा. एखाद्या दिवशी टोपलीखाली काहीच नसतं. शनिवार-रविवारी गर्दी फार होते, मधल्या वाराला गेलात तर गावकऱ्यांशी बोलायला मिळेल. झाडांवर पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाचं मोठं घरटं कुठे आहे, तेही विचारा.

ही कासवं कुठवर जातात, याचा थोडा पत्ता आता लागला आहे. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले, गुहागरच्या पाच माद्यांना उपग्रह खुणा लावल्या. पहिली वेळासची ‘प्रथमा’. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. उलटही घडलं: ओडिशात २०२१ साली क्रमांकाचा बिल्ला लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. आपली भीमा कृष्णेला मिळून शेवटी बंगालच्या उपसागरालाच जाते. उजनीच्या काठावर टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि बागेश्री एकाच पाण्यात भेटू शकतात.

खडक, पोवळी, आणि एक इशारा

वेळ कमी असेल तर ओहोटीच्या खडकांत फिरण्यासारखं स्वस्त आणि समृद्ध दुसरं काही नाही. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या गटाच्या २०१७ पासूनच्या किनारा-सहलींनी शहराच्या मधोमध, हाजीअलीच्या खडकांतही पोवळी, समुद्रफुलं, शंख, खेकडे राहतात हे लोकांना दाखवलं. जाड तळाचे बूट घाला, दगड उलटलात तर होता तसा परत ठेवा, शंखात जीव असेल तर तो तिथेच राहू द्या. शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख हातात घेऊच नका, काहींचा दंश विषारी असतो. गढूळ उथळ पाण्यात पाय घासत चाला म्हणजे वाळूत दडलेलं पाकट बाजूला होतं. मालवणला १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य आहे. तिथे स्नॉर्केलिंग करताना पोवळ्यांवर उभं राहू नका. एका पावलाखाली मोडलेली फांदी वाढायला कित्येक वर्षं लागतात.

होडीत बोट लागण्याचा त्रास आपल्या भागातल्या लोकांना सवय नसल्यामुळे जास्त होतो. रात्री जागरण आणि सकाळी भरपेट मिसळ, दोन्ही नको. पोटात थोडं कोरडं अन्न असू द्या, होडीच्या मधोमध बसा, नजर क्षितिजावर ठेवा, आल्याची वडी तोंडात धरा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा-एक तास आधी. दुर्बीण आठपट पुरे. हलत्या होडीत बारापटीची दुर्बीण कामाला येत नाही.

आता इशारा. ‘व्हेलची उलटी’ म्हणून लाखो-कोटींचे सौदे सांगणारी माणसं समुद्र कधी न पाहिलेल्या गावांतही फिरतात. अंबरग्रीस हा पदार्थ स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा प्राणी संरक्षित आहे, त्यामुळे भारतात अंबरग्रीस बाळगणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे, आणि राज्यभर अशा अटका होत असतात. कासवाची पाठ, पोवळ्याचे तुकडे, संरक्षित शंख यांचंही तसंच.

किनाऱ्यावर एखादा देवमासा किंवा डॉल्फिन लागलेला दिसला, २०१५ साली रेवदंड्याला किंवा २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला लागला होता तसा, तर आधी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. तोवर गर्दी लांब ठेवा. अंगावर ओली चादर टाका, पाणी शिंपडत राहा, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका. शेपटीला दोर बांधून ओढू नका. पाठीवर बसून फोटो काढणाऱ्याला हाताला धरून बाजूला करा. जखमी कासवाला परत पाण्यात ढकलू नका. डहाणूला त्यांच्यासाठी उपचार केंद्र आहे, वनखातं तिथे पोचवतं. मच्छीमारांचं या बाबतीतलं काम मोठं आहे. जाळ्यात आलेलं कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन जाळं कापून सोडणाऱ्याला राज्य सरकार डिसेंबर २०१८ पासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं, पण भरपाई मिळेपर्यंत कामाचे दिवस बुडतातच. बंदरात अशा माणसाशी गाठ पडली तर त्याच्याशी बोला. समुद्राबद्दल त्याला माहीत असतं तेवढं कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

शेवटी करमाळा, माढा आणि इंदापूर तालुक्यांतल्या शिक्षकांना एक विनंती. शाळेची सहल यंदा वॉटर पार्कऐवजी जानेवारीत उजनीच्या काठावर न्या. खर्च एका एसटीचा आणि दोन दुर्बिणींचा. त्यातल्या वरच्या वर्गातल्या मुलांना मार्चमध्ये वेळासला न्यायची तयारी आत्तापासून करा, कारण गावातल्या घरांमधल्या खोल्या डिसेंबरातच भरायला लागतात.